कसबी कामगार : प्रमाणपत्र, पगार आणि पुढची पायरी

भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूज. कोणत्याही औद्योगिक वसाहतीत कंपनीच्या गेटवर लागलेली भरतीची पाटी पाहावी. ट्रेडचे नाव, ‘आयटीआय पास’ ही अट आणि वयाची मर्यादा एवढे तिच्यावर बहुधा असतेच. पगाराचा आकडा कधी असतो, कधी नसतो. कसबी कामगारांविषयी धोरणकर्ते, उद्योजक, कामगार संघटना आणि अर्थशास्त्रज्ञ यांच्यात गेली पंधरा-वीस वर्षे जी चर्चा चालली आहे, तिचा बराचसा भाग या गेटपाशीच घोटाळतो. किती मुले शिकून बाहेर पडली, किती जणांना प्रमाणपत्र मिळाले, किती जण कामाला लागले, हे मोजले जाते. आत गेल्यावर दहा वर्षांत त्यांचा पगार किती वाढला, हुद्दा बदलला का, नोकरी सुटली तेव्हा हातातला कागद कामी आला का, हे फारसे कोणी विचारत नाही. या आढाव्याचा रोख त्या दुसऱ्या प्रश्नांकडे आहे.

पार्श्वभूमी

स्वतंत्र भारतात औद्योगिक प्रशिक्षणाची घडी १९५० साली बसली. कारागीर प्रशिक्षण योजना त्या वर्षी सुरू झाली आणि आयटीआय या संस्थेचा जन्म झाला. १९५६ मध्ये या संस्थांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला आणि त्याच वर्षी प्रमाणपत्राचा दर्जा ठरवणारी राष्ट्रीय परिषद केंद्रात स्थापन झाली. शिकवायचे राज्याने आणि शिक्का मारायचा केंद्राने, अशी ही विभागणी आजही मुळात तशीच आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तिसरा भागीदार आणला, तो म्हणजे कारखानदार. वर्गात शिकलेल्या मुलाने प्रत्यक्ष मशीनवर वर्ष-दोन वर्षे उमेदवारी करावी आणि मालकाने त्याला विद्यावेतन द्यावे, ही त्यामागची कल्पना.

पुणे परिसरात तिला चांगले फळ आले. पिंपरीला टेल्कोचा (आजच्या टाटा मोटर्सचा) कारखाना उभा राहताना कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी प्रशिक्षण विभागावर दिलेला भर आजही अभ्यासकांच्या लिखाणात येतो. त्या काळी ‘टेल्कोचा अप्रेंटिस’ एवढी ओळख पुरेशी असे. पुढे भोसरीच्या शेडमध्ये स्वतःचे लेथ टाकणाऱ्या पहिल्या पिढीतल्या कितीतरी लघुउद्योजकांची सुरुवात अशाच कारखान्यांच्या प्रशिक्षण वर्कशॉपमध्ये झाली. बढतीचा तो मार्ग कोणत्याही योजनेत लिहिलेला नव्हता. मोठ्या कारखान्याने शिकवले, मोठ्या कारखान्यानेच सुटे भाग बाहेरून घ्यायला सुरुवात केली, आणि त्या दोहोंच्या मध्ये कामगाराला जागा सापडली.

२००९ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणाने प्रश्नाचा आकारच बदलला. २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करायचे, हे लक्ष्य जाहीर झाले. २०१३ अखेर राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला, २०१४ मध्ये स्वतंत्र मंत्रालय आले, २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना. दोन वर्षांच्या फिटर किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या शेजारी काही महिन्यांचे, कधी काही आठवड्यांचे अभ्यासक्रम येऊन बसले. केंद्राने नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने या व्यवस्थेची, विशेषतः क्षेत्रवार कौशल्य परिषदांची कठोर चिकित्सा केली. जे मानके ठरवतात त्यांनीच परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यावे, यातला हितसंबंधांचा गुंता तिने दाखवला. त्यानंतर २०१८ मध्ये १९५६ ची जुनी राष्ट्रीय परिषद आणि कौशल्य विकास प्राधिकरण एकत्र करून नवी नियामक संस्था अधिसूचित झाली.

तीन वेगळे कागद

कमाईकडे वळण्याआधी एक भेद केला पाहिजे, कारण तो न केल्यामुळे या वादात पुष्कळ गोंधळ झालेला आहे. कसबी कामगाराच्या फायलीत जे कागद असतात ते एका जातीचे नसतात.

पहिला कागद प्रशिक्षण पूर्ण केल्याचा. आयटीआयचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र या वर्गात मोडते. ते आयुष्यभराचे असते आणि त्यावाचून काम करायला कायद्याने मनाई नसते. वर्कशॉपमध्ये काम बघत शिकलेला टर्नर आणि प्रमाणपत्रधारक टर्नर एकाच लेथवर उभे राहू शकतात.

दुसरा कागद परवान्याचा. विजेच्या कामात तो ठळक दिसतो. महाराष्ट्रात अनुज्ञापक मंडळ तारतंत्री (वायरमन) परवाना, पर्यवेक्षक प्रमाणपत्र आणि विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती देते. सुरक्षा नियमांप्रमाणे विद्युत संचमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराने, पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचे असते. नवीन वीजजोडणीसाठी ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. म्हणजे येथे कागदाला थेट बाजारभाव आहे, आणि तीन पायऱ्यांची शिडीही आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी भिंतीला झिरी मारून पाईप टाकणारा आणि वायर ओढणारा मुलगा बिनपरवाना असतो आणि रिपोर्टवर सही दुसऱ्याची असते. परवान्याची किंमत सही करणाऱ्याला मिळते.

तिसरा कागद हाताच्या चाचणीचा. बॉयलर आणि उच्चदाबाच्या पाईपलाइनवर काम करणाऱ्या वेल्डरचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. सिक्स-जी नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत पाईपचे दोन तुकडे ४५ अंशांत तिरके जखडून ठेवतात. पाईप फिरवता येत नाही, वेल्डरने त्याच्याभोवती फिरायचे. त्यामुळे एकाच सांध्यात त्याला डोक्यावरचे, उभे आणि आडवे असे सगळे वेल्डिंग करावे लागते. आधी आतला रूट रन, मग भरण, शेवटी वरची कॅप. सांधा थंड झाला की रेडिओग्राफी होते किंवा तुकडा कापून वाकवून पाहतात. पेनिट्रेशन कमी पडले, आत हवेची छिद्रे राहिली, कडेला अंडरकट गेला तर नापास. वेल्डर कुठल्या संस्थेत शिकला हे तेथे गौण असते. पास झालेल्याला क्रमांक मिळतो, आणि साइटवर त्याने केलेल्या सांध्याशेजारी तो क्रमांक उमटवला जातो, म्हणजे गळती झाली तर कोणाचा हात होता ते कळते. या पात्रतेला मुदत असते. आंतरराष्ट्रीय संहितांप्रमाणे सहा महिने त्या पद्धतीचे वेल्डिंग केले नाही तर ती संपते.

कागदाने पगार वाढतो का, या प्रश्नाचे उत्तर कोणत्या कागदाबद्दल विचारले यावर बदलते. उपलब्ध आकडेवारीत मात्र हे सगळे ‘व्यावसायिक प्रशिक्षण’ या एका रकान्यात जमा होते.

कमाईचे गणित

२०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत दिलेल्या आकड्यांनुसार १५ ते २९ वयोगटातील केवळ ४.४ टक्के तरुणांना औपचारिक व्यावसायिक वा तांत्रिक प्रशिक्षण मिळालेले आहे. आणखी १६.६ टक्के अनौपचारिक मार्गांनी शिकले, म्हणजे घरी, वडिलांच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली, काम करता करता. देशातले बहुतेक कसब कागदाविनाच हस्तांतरित होते.

मग कागदाची किंमत किती? सरकारी मोजमापात ती किमान वेतनाच्या श्रेणींमधून दिसते. केंद्राच्या अखत्यारीतील बांधकामासाठी १ ऑक्टोबर २०२४ पासूनचे ‘अ’ क्षेत्राचे रोजचे दर असे होते : अकुशल ७८३ रुपये, अर्धकुशल ८६८, कुशल ९५४ आणि अतिकुशल १,०३५. तळापासून माथ्यापर्यंतचे अंतर २५२ रुपये, म्हणजे सुमारे ३२ टक्के. घमेले उचलणाऱ्या हेल्परपासून अतिकुशल कारागिरापर्यंत पोचायला बरीच वर्षे लागतात हे लक्षात घेतले तर ही चढण फारच सपाट आहे. शिवाय कोणत्या श्रेणीत बसवायचे हे कामाच्या स्वरूपावरून ठरते. प्रमाणपत्र हातात असून अर्धकुशलाचा पगार घेणारे आणि प्रमाणपत्र नसताना कुशलाचा घेणारे, दोघेही एकाच साइटवर भेटतात. मजूर अड्ड्यावर चांगल्या फरशीवाल्याचा किंवा शटरिंगच्या सुताराचा भाव ठेकेदार त्याचे आधीचे काम पाहून ठरवतो.

विद्यावेतनाचे आकडेही बोलके आहेत. २०१९ च्या नियमांत आयटीआय प्रमाणपत्रधारक शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये होते, बारावी पास उमेदवाराइतकेच. पदवीधराला ९,०००. २०२४ मध्ये महाराष्ट्राने आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये ठरले. यात आयटीआयवाल्याला बारावीच्या वर स्थान मिळाले, हा लहानसा पण खरा बदल. तरीही दोन वर्षे कानस आणि करवत हाताळलेल्या मुलापेक्षा कोणत्याही शाखेचा पदवीधर वरचा, ही उतरंड कायम राहिली.

या आकड्यांचा अर्थ लावताना अभ्यासकांत मतभेद आहेत. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांच्या मांडणीप्रमाणे कसब ही भांडवलासारखी गुंतवणूक आहे. जे कसब कोणत्याही कारखान्यात चालते त्यावर मालक खर्च करायला कचरतो, कारण शिकलेला माणूस उद्या शेजारच्या कंपनीत जाईल. चाकणच्या उद्योजकांची ‘आम्ही शिकवतो आणि दुसरे पळवतात’ ही तक्रार म्हणजे हेच तत्त्व. दुसरे अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांची मांडणी वेगळी : प्रमाणपत्राने माणूस किती शिकला यापेक्षा तो मुळात किती सक्षम आहे याची मालकाला खूण मिळते. ही दृष्टी घेतली तर प्रमाणपत्रे सरसकट वाटली की खुणेचे मोल उतरते. अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांवरचा मुख्य आक्षेप हाच आहे.

प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो? युगांडातील एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२० साली ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काही तरुणांना व्यवसाय संस्थेत सहा महिने शिकवले, काहींना थेट व्यवसायांत कामावर ठेवून शिकवले. कामावर शिकलेल्यांना आधी काम मिळाले. पण काळ गेला तसे संस्थेत शिकून प्रमाणपत्र घेतलेले पुढे सरकले, कारण एक नोकरी सुटल्यावर दुसरी मिळवताना त्यांचे कसब दाखवता येण्यासारखे होते. दक्षिण आफ्रिकेतील २०२२ च्या अभ्यासात नोकरी शोधणाऱ्या तरुणांच्या क्षमतांची चाचणी घेऊन निकालाचे प्रमाणपत्र दिल्याने रोजगार आणि कमाई दोन्ही वाढली. मात्र तेथे मोजलेल्या क्षमता सर्वसाधारण होत्या, ट्रेडच्या नव्हत्या. प्रमाणपत्राचा लाभ पहिल्या नोकरीत कमी आणि दुसऱ्या-तिसऱ्या नोकरीत जास्त दिसतो, हा युगांडातला निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडची मोजणी मात्र पहिल्या नोकरीपाशी थांबते.

कामगार संघटनांचा मुद्दा याहून निराळा आहे. त्यांच्या मते पगार ठरतो तो कामगार कायम आहे की कंत्राटी यावरून, प्रमाणपत्राचा नंबर त्यानंतर लागतो. वार्षिक उद्योग पाहणीनुसार संघटित कारखान्यांतील सुमारे ४० टक्के कामगार कंत्राटी आहेत. एकाच असेंब्ली लाइनवर, एकाच ट्रेडचे दोन फिटर, एक पर्मनंट आणि एक ठेकेदाराचा, यांच्या पगारातली तफावत किमान वेतनाच्या सगळ्या श्रेणींना मागे टाकते. पुणे पट्ट्यात ‘नीम’ या केंद्रीय रोजगारक्षमता योजनेखाली ‘नीम ट्रेनी’ म्हणून वर्षानुवर्षे मुले घेतली गेली तेव्हा संघटनांनी हाच आक्षेप घेतला : शिक्षणाच्या नावाखाली उत्पादन करून घेतले जाते. उद्योजकांची बाजू अशी की मागणी वरखाली होते, कायम नोकरीचा बोजा लहान पुरवठादाराला झेपत नाही, आणि आयटीआयमधून आलेल्या मुलाला सीएनसी मशीनवर उभे करण्यापूर्वी काही महिने पुन्हा शिकवावेच लागते. जुन्या मशीनवर शिकलेल्या मुलांबाबत त्यांची ही तक्रार खरी आहे, आणि ६०,००० कोटी रुपयांच्या, १,००० आयटीआय अद्ययावत करण्याच्या २०२५ मधील केंद्रीय योजनेने ती अप्रत्यक्षपणे मान्यही केली आहे.

बढतीच्या वाटा

बांधकामात वाट ओळखीची आहे. हेल्पर, मग मिस्त्री, मग चार माणसे जमवून पेटी कंत्राटदार. या वाटेवर कागद जवळजवळ नसतोच. लागते ते माणसे बांधून ठेवण्याचे कौशल्य, बिल्डरकडून पैसे अडकले तरी आठवड्याचा पगार वाटण्याची ऐपत आणि हिशेब. यांपैकी एकही गोष्ट कोणत्या ट्रेडच्या अभ्यासक्रमात पुरेशी शिकवली जात नाही. २०२३ ची विश्वकर्मा योजना १८ पारंपरिक व्यवसायांना हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज देते. ऐपतीच्या अडचणीला तिने हात घातला आहे. तिचे मूलभूत प्रशिक्षण मात्र आठवडाभराचेच आहे.

कारखान्यात गोष्ट वेगळी. ऑपरेटर, सेटर, लाइन लीडर इथपर्यंत आयटीआयवाला जातो. सुपरवायझरच्या खुर्चीवर बहुधा डिप्लोमावाला थेट येऊन बसतो. ही कुंपणरेषा ओलांडायची सोय आहे : दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. जो निदेशक होऊ इच्छितो त्याच्यासाठी एका वर्षाचा शिल्प निदेशक प्रशिक्षण अभ्यासक्रम आहे. अडचण वेळेची आहे. तिन्ही शिफ्टमध्ये काम करून घरी पैसे पाठवणारा मुलगा पूर्णवेळ डिप्लोमाला बसू शकत नाही. शिवाय डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचे गणित त्याची दमछाक करते. वाट आहे, पण तिच्यावर चालण्यासाठी नोकरी सोडावी लागते, हे धोरणाच्या कागदांत ठळकपणे आलेले दिसत नाही.

शिकाऊ उमेदवारीतून कायम नोकरीकडे जाण्याचा प्रश्न न्यायालयातही गेला. कायद्याप्रमाणे उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे. या ‘इतर बाबी समान’ची व्याप्ती आजही वादाची आहे. २० मार्च २०१८ रोजी माटुंगा-दादर दरम्यान रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारांनी रूळ अडवले आणि मुंबईची लोकल काही तास ठप्प झाली. रेल्वेचे म्हणणे होते की २० टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. मुलांचे म्हणणे होते की कारशेडमध्ये घालवलेल्या वर्षांचा अर्थ याहून जास्त असायला हवा.

आणि सिक्स-जी पास वेल्डर? त्याची कमाई चांगली असते. रिफायनरीच्या शटडाउनमध्ये तो रोजावर किंवा इंच-डायाच्या (सांध्याच्या व्यासाच्या) हिशेबाने पैसे घेतो आणि गुजरात, ओडिशा, आखात असा फिरतो. पण वयाची पंचेचाळिशी आली की नजर आणि हाताची स्थिरता साथ सोडू लागते. त्यानंतर वेल्डिंग इन्स्पेक्टर व्हायला वेगळी परीक्षा, आणि ती बहुधा इंग्रजीत. जास्त पगार आणि वरचा हुद्दा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या ट्रेडइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

परवाना सक्तीचा असावा का

कामगाराला वर न्यायचे तर प्रमाणपत्र सक्तीचे करा, असे एक मत आहे. जर्मनीचा दाखला त्यासाठी दिला जातो. तेथे कसबी माणूस उमेदवारी, कारागीर आणि ‘माइस्टर’ अशा पायऱ्या चढतो, आणि माइस्टरला पात्रता आराखड्यात पदवीच्या बरोबरीचे स्थान आहे. पण त्याच जर्मनीने २००४ मध्ये ५३ व्यवसायांना माइस्टरच्या सक्तीतून मोकळे केले. हेतू असा की स्पर्धा वाढावी, नवे लोक धंद्यात यावेत. लोक आले, विशेषतः फरशी बसवण्याच्या कामात एकट्या माणसाच्या फर्मा भराभर निघाल्या. पण एकटा माणूस उमेदवार ठेवत नाही, त्यामुळे नव्या पिढीचे प्रशिक्षण रोडावले. २०२० मध्ये १२ व्यवसायांत, फरशीकामासह, सक्ती पुन्हा आली.

अमेरिकेत मॉरिस क्लाइनर आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दाखवले की सुमारे २९ टक्के कामगारांना कामासाठी सरकारी परवाना लागतो आणि परवानाधारकांचा पगार जास्त असतो. तो दर्जामुळे जास्त की बाहेरच्यांना रोखल्यामुळे, यावर तेथे एकमत नाही. भारतात, जेथे प्रशिक्षित तरुणांपैकी पाचात जवळपास चार अनौपचारिक मार्गाने शिकले आहेत, तेथे सक्ती आणली तर पहिला फटका त्यांनाच बसेल. म्हणून पूर्वी मिळवलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची सोय आधी भक्कम हवी, असे मध्यममार्गी अभ्यासक म्हणतात. पुण्यात क्रेडाई या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेचा ‘कुशल’ प्रकल्प थेट साइटवर जाऊन कामगारांना शिकवतो. अशा प्रयोगांकडे या अभ्यासकांचे लक्ष आहे.

परदेशी मागणीने सक्ती मागच्या दाराने आणलीच आहे. सौदी अरेबियाने इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर यांसारख्या कामगारांची निघण्यापूर्वीच कौशल्य-पडताळणी सुरू केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्याचे उद्दिष्ट १०,००० जणांचे होते. तेथे अडसर हाताच्या कसबापेक्षा जर्मन भाषा आणि पात्रतेची समकक्षता यांचा आहे.

काय अनिर्णित आहे

सर्वांत मोठी उणीव माहितीची. श्रमबल सर्वेक्षण एका वेळचे चित्र देते. तोच फिटर दहा वर्षांनी कुठे आहे हे त्यातून कळत नाही. आयटीआयकडे पास झालेल्यांची यादी असते, भविष्य निर्वाह निधीकडे पगाराची नोंद असते. या दोन नोंदी, नावे झाकून, एकमेकींशी जोडल्या तर कोणत्या ट्रेडची चढण किती हे मोजता येईल, आणि आज अंदाजावर चाललेला अर्धा वाद मिटेल.

महिलांचा प्रश्न चर्चेत उशिरा आला. राखीव जागा असूनही मुली शिवणकाम, सौंदर्यप्रसाधन आणि संगणक या ट्रेडकडेच जास्त वळतात, आणि फिटर-इलेक्ट्रिशियन झालेल्या मुलींना लाइनवर घेतले तरी मेन्टेनन्सच्या कामात, जेथे शिकायला आणि वाढायला मिळते, तेथे कमी पाठवतात. यामागे रात्रपाळीची सोय किती, पर्यवेक्षकाची सवय किती आणि मुलींची स्वतःची पसंती किती, हे वेगळे करणारा अभ्यास हवा आहे.

२०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने कामाच्या अनुभवालाही क्रेडिट देण्याची मुभा दिली. तेवढ्यावर पॉलिटेक्निक कामगाराला दारात घेईल का, हे पुढच्या काही वर्षांत दिसेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. कंत्राटी वेल्डरच्या किंवा वायरमनच्या पत्रावर त्याचा ट्रेड आणि श्रेणी कोणी लिहायची, ठेकेदाराने की मुख्य कंपनीने, आणि सहा महिन्यांनी ठेकेदार बदलला की मागचा अनुभव नव्या पत्रात कसा मोजायचा, यावर त्या पत्राचा उपयोग ठरेल.